आमचा बंदोबस्त

चाळिशी दोन प्रकारची असते. एक नाकावर बसते, दुसरी डोक्यात. नाकावरची चष्मेवाल्याकडे पाचशे-हजारात मिटते. डोक्यातली मिटता मिटत नाही. आमच्या शाखेत दोन-तीन वर्षांपूर्वी या दुसऱ्या चाळिशीची साथच आली होती. कर्जविभागातल्या एका गृहस्थांनी योगशिक्षकाचा कोर्स केला आणि हप्ते थकलेल्या लोकांना ते शवासन सांगू लागले. चेकच्या टेबलावरच्या बाईंनी गोडा मसाल्याचा घरगुती उद्योग काढला. तेव्हापासून आमच्याकडच्या प्रत्येक चेकला धन्याजिऱ्याचा वास येऊ लागला. डबे उघडले की जो तो एकच वाक्य म्हणे, "आता आयुष्यात काहीतरी दुसरं करायला पाहिजे." आणि डबा संपला की जो तो आपापल्या खुर्चीत जाऊन पहिलंच करत बसे.

मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो. कॅशच्या खिडकीत, काचेच्या आड, वीस वर्षं बसून काढली होती. वीस वर्षं बसल्यावर माणसाला दोन गोष्टी होतात. पाठ वाकते, आणि बोलणं तीन वाक्यांवर येतं. माझी तीन वाक्यं अशी : "सही जुळत नाही," "सर्व्हर डाऊन आहे" आणि "उद्या या." एवढ्या भांडवलावर दुसरा उद्योग कुठला काढणार?

तरीपण आपल्याला काय व्हायचं आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. मला पोलीस व्हायचं होतं.

आमचे अण्णा पुण्यात हवालदार होते. माझं लहानपण पोलीस लाईनीतल्या दीड खोलीत गेलं. इतरांच्या घरी सण कॅलेंडरवरून कळतात. आमच्याकडे अण्णा घरात नाहीत यावरून कळत. दिवाळी म्हणजे बंदोबस्त, मोहरम म्हणजे बंदोबस्त, पालखी म्हणजे बंदोबस्त. गणपतीचे दहा दिवस तर अण्णा फक्त गणवेश धुवायला टाकण्यापुरते घरी येत. आमच्या घरचा गणपती दरवर्षी शेजारचे काका पोचवत. मी सात-आठ वर्षांचा असताना आई मला विसर्जनाची मिरवणूक दाखवायला लक्ष्मी रोडला घेऊन गेली. तिथं गर्दीत, दोरीपलीकडे, अण्णा उभे दिसले. मी घसा बसेपर्यंत हाका मारल्या, दोन्ही हात हलवले. त्यांनी पाहिलं नाही. ते एका फेटेवाल्या म्हाताऱ्याशी काहीतरी बोलत होते. मी घरी येईपर्यंत रडलो आणि त्याच रात्री ठरवून टाकलं की मोठेपणी आपणही पोलीस व्हायचं. म्हणजे निदान अण्णांच्या शेजारी तरी उभं राहता येईल.

बारावीनंतर मी भरतीचं नाव काढलं. अण्णा रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉमर्स कॉलेजचा फॉर्म आणला आणि स्वतःच्या अक्षरात भरला. "बँकेत लाग," म्हणाले. "सणाला घरी असशील." विषय संपला. हवालदाराच्या घरात विषय असेच संपतात.

आता पोलीस शिपायाच्या भरतीला खुल्या गटात वयाची अट अठ्ठावीस. ती मी चौदा वर्षांनी चुकवली होती. पण २०२४च्या पावसाळ्यात होमगार्ड भरतीची जाहिरात वाचनात आली. वय : वीस ते पन्नास. मी ती चष्मा लावून वाचली, चष्मा काढून वाचली. दोन्ही वेळा पन्नासच होतं. सरकारच्या हिशेबी मी अजून ऐन उमेदीत होतो.

होमगार्ड म्हणजे मिरवणुकीत पोलिसाच्या शेजारी उभा असलेला दुसरा खाकीवाला, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. मलाही तेवढंच होतं. हे गृहरक्षक दल ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईत निघालं. दंगलींचे दिवस होते, पोलीस अपुरे पडत होते आणि मोरारजी देसाई मुंबई प्रांताचे गृहमंत्री होते. पुढच्याच वर्षी, १९४७ साली, त्याचा कायदा झाला. कल्पना अगदी साधी. माणसानं आपला पोटापाण्याचा उद्योग करावा आणि बोलावणं आलं की खाकी चढवून पोलिसांच्या मदतीला जावं. ड्युटीवर असेपर्यंत अधिकार पोलिसाचे. ड्युटी संपली की आपण पुन्हा आपले कारकून. दलाचं ब्रीद 'निष्काम सेवा'. बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला यातला 'निष्काम' हा शब्द ओळखीचा होता. 'सेवा' नवीन होता.

नोकरदाराला ना हरकत प्रमाणपत्र लागतं. मी मॅनेजरसाहेबांपुढे अर्ज ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि सही करताना म्हणाले, "तुम्ही नसलात तर माझी काहीच हरकत नाही. असता तेव्हाच असते." शाखेत बातमी पसरायला पाच मिनिटं लागली. योगशिक्षक म्हणाले, "रात्री चोर भेटला तर काय म्हणणार? उद्या या?" सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. खरं म्हणजे तोंडाशी तेच आलं असतं.

घरी बायको म्हणाली, "अहो, आधी ओट्याखालच्या झुरळांचा बंदोबस्त करा, मग शहराचा बघा." मुलीनं विचारलं, "बाबा, बंदूक मिळणार?" अण्णा पेपर वाचत होते. पेपरामागूनच त्यांनी विचारलं, "बँक सोडणार आहेस?"

"नाही अण्णा, हे अर्धवेळ असतं."

"मग पाय अर्धवेळच दुखतील," म्हणाले, आणि पान उलटलं.

मी मनात म्हटलं, आत्ता अर्धवेळ. जमलं तर पुढे बँकेला रामराम. सुरक्षा अधिकारी वगैरे होता येतं म्हणतात. खाकी अंगावर आली की लोक आपोआप बाजूला होतात, आणि काचेआड बसून वीस वर्षांत जी गोष्ट मिळाली नाही ती मिळते. ती कोणती, ते मात्र तेव्हा मला सांगता आलं नसतं.

मैदानी चाचणीत सोळाशे मीटर धावायचं होतं. मी शेवटून दुसरा आलो. शेवटचा जो होता त्याच्या बुटाची नाडी सुटली होती. गोळाफेकीत मात्र मी इभ्रत राखली. सव्वासात किलोचा गोळा पाहून माझ्या मागेपुढे असलेली पोरं बिचकत होती. मी वीस वर्षं नाण्यांच्या पिशव्या उचलल्या आहेत. कशी कोण जाणे, निवड झाली.

मग प्रशिक्षण आणि साप्ताहिक कवायत. कवायतीचे हुकूम हिंदीत. 'दाहिने मुड' म्हटलं की सगळी पलटण एकीकडे आणि मी दुसरीकडे. शेजारच्या पोराचं आणि माझं नाक एकमेकांवर आपटण्याचा प्रसंग तीनदा आला. शेवटी बी. कॉम.ची पदवी उपयोगी पडली. खातेवहीत डावी बाजू नावे, उजवी बाजू जमा. तेव्हा 'बाएँ मुड' म्हणजे नावे टाका, 'दाहिने मुड' म्हणजे जमा करा, आणि 'पीछे मुड' म्हणजे नोंद उलटी फिरवा. त्या दिवसापासून माझं एकही वळण चुकलं नाही. ताळेबंद नेहमी जुळला.

खरी अडचण वेगळीच होती. पहिल्या रविवारी मैदानावर उभा राहिलो आणि पलटण नायकांकडे पाहिलं, तर बुटातल्या बुटात माझे पाय गार पडले. आमच्या शाखेसमोर एक पंक्चरचं दुकान आहे. त्याचे मालक! या गृहस्थांना मी सही जुळत नाही म्हणून एकाच महिन्यात चार वेळा परत पाठवलं होतं. चौथ्या वेळी ते काचेपाशी हात धरून म्हणाले होते, "साहेब, टायर काढून काढून बोटं आखडतात. सही रोज थोडी वेगळी होते." त्यावर मी म्हणालो होतो, "उद्या या."

आता खिडकीच्या त्या बाजूला मी होतो. नायकसाहेबांनी मला ओळखलं की नाही ते चेहऱ्यावरून कळेना. त्यांनी माझी सलामी पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "हात जुळत नाही. पुन्हा." मी पुन्हा केली. "पुन्हा." असं चार वेळा झालं. मी मोजलं. पाचव्या वेळी म्हणाले, "आता जमलं. जमतं हो, जरा वेळ द्यावा लागतो माणसाला." एवढंच. पुढे वर्षभर त्यांनी तो विषय काढला नाही. मी सोमवारी त्यांना बँकेत 'या सर' म्हणू लागलो तेव्हा शेजारच्या खिडकीतल्या कॅशियरनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

२०२५ साली अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला आली. पहिला शनिवार, म्हणजे बँक चालू. मी किरकोळ रजा टाकली. आदल्या रात्री अण्णांनी माझा पट्टा मागून घेतला. घरात ब्रासोची बाटली कुठून आली ते कुणालाच माहीत नाही. बक्कल त्यांनी इतकं घासलं की त्यात भांग पाडता आला असता. मग सूचना सुरू झाल्या. दोन मोजे घाल, आतला सुती. बोटांमध्ये खोबरेल लाव. खिशात मीठ-साखरेची पुडी ठेव. आणि शेवटची : "उभं राहताना गुडघे ताठ ठेवू नकोस. चक्कर येते. जरासे वाकवून उभं राहायचं." माझ्या उभ्या आयुष्यात अण्णा माझ्याशी एका दमात इतकं कधी बोलले नव्हते.

नेमणूक मिळाली लक्ष्मी रोडला, एका गल्लीच्या तोंडाशी. बांबू, दोरी आणि मी. नायकसाहेब जाताना म्हणाले, "काठी दिलीय ती टेकायला. वापरायचं ते तोंड."

सकाळी मंडईतून मानाचे गणपती निघाले. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. ढोलांनी छातीतली हाडं वाजू लागली. मी छाती काढून, डोळे बारीक करून, गर्दीतल्या पाकीटमारांवर नजर रोखली. आता कुणीतरी आपल्याला घाबरणार, अशी माझी अपेक्षा होती.

पहिले पाचेक जण सरळ माझ्याकडे आले. पहिल्यानं विचारलं, "स्वच्छतागृह कुठंय?" दुसऱ्या बाईंनी विचारलं, "काका, दगडूशेठ कधी येणार?" तिसऱ्यानं पिशवी माझ्या हातात दिली, "एक मिनिट धरा, पोराला खांद्यावर घेतो." चौथ्याची एक चप्पल हरवली होती आणि पाचव्याला एक सापडली होती, त्या दोन्ही वेगळ्या निघाल्या. माझ्या चाळीस वर्षांच्या कल्पनेला तडा गेला. गणवेशाला लोक घाबरत नाहीत. लोक त्याला विचारतात. एवढ्या प्रचंड गर्दीत ज्याला विचारलं तर चालतं असा एकच माणूस असतो, आणि तो ओळखू यावा म्हणून त्याला खाकी कपडे घालतात.

कारकुनाची खोड जात नाही. मी खिशातल्या डायरीत खातेवार नोंद ठेवायला लागलो. मध्यरात्रीपर्यंतचा हिशेब असा : स्वच्छतागृह ६१, दगडूशेठ ४८, मंडईचं मेट्रो स्टेशन ३७, पाणी २२, हरवलेली मुलं ४ (चारही सापडली), हरवलेले नवरे २ (एक सापडला, एक सापडल्यावर पुन्हा गेला). चोर : निरंक. या १७४ माणसांतल्या एकालाही मी 'उद्या या' म्हटलं नाही. म्हणण्यासारखं नव्हतंच. स्वच्छतागृह विचारणाऱ्याला 'उद्या या' कसं म्हणणार?

रात्री अडीचच्या सुमाराला एक आजी दोरी धरून माझ्यापाशी आल्या. नऊवारी लुगडं, हातात रिकामी पिशवी. नात ढोल पथकात, सून तिच्या मागोमाग पाणी घेऊन गेली आणि आजी राहिल्या मागे. फोन सुनेच्या पर्समध्ये. नंबर पाठ नाही. मला जागा सोडता येत नव्हती. मी म्हटलं, "आजी, तुम्ही इथंच थांबा. मी व्यवस्था करतो."

'थांबा' म्हटल्याबरोबर त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "आवाज ओळखीचा वाटतोय रे."

मी गप्प.

"तू बँकेतला ना? आमच्या सिंहगड रोडच्या? 'उद्या या' तो तूच ना?"

आता काय सांगायचं! मागच्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी या आजींना मी तीन हेलपाटे घालायला लावले होते. एकदा सर्व्हर बंद, एकदा अंगठ्याचा ठसा लागेना, एकदा माझी जेवायची वेळ. मी टोपी सरळ केली आणि म्हटलं, "हो आजी. तोच मी."

"अरे मग ओळखू कसा येणार?" आजी अगदी निर्मळपणे म्हणाल्या. "तिथं तू मान वर करत नाहीस. टक्कल ठाऊक होतं मला तुझं. तोंड आज पाहिलं."

यात टोमणा असता तर मी परतवला असता. वीस वर्षांची तालीम आहे. पण टोमणा नव्हता. त्या माणसाची ओळख पटवत होत्या, जशी मी त्यांची पटवून घेत असे, फोटो आणि पासबुक समोर धरून. मी बांबूपाशी बॅरिकेडच्या फळीवर त्यांना बसायला जागा केली, खिशातली मीठ-साखर पाण्यात घालून दिली. तेवढ्यात नायकसाहेब फेरीवर आले. त्यांनी फोन करून पोलीस मदत केंद्राला वर्णन कळवलं. भोंग्यावरून नाव पुकारलं गेलं. पाऊण तासानं सून धावत आली, मागोमाग घामानं निथळलेली नात. निघताना आजींनी माझ्या दंडावर हात ठेवला. "बरं झालं बाबा, तू इथं होतास," म्हणाल्या.

काचेच्या आड वीस वर्षांत हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं. म्हणायला मी जागाच ठेवली नव्हती.

त्या वर्षी मिरवणूक तीस तासांच्या वर चालली. आमची पाळी सकाळी बदलली. घरी आलो तेव्हा पाय माझे नव्हते. अण्णा दारातच खुर्ची टाकून बसले होते. समोर घमेल्यात गरम पाणी.

"किती जणांनी विचारलं?" त्यांनी पहिला प्रश्न केला. चोर नाही, मारामारी नाही. किती जणांनी विचारलं!

मी डायरी काढून दाखवली. त्यांनी ती बँकेच्या इन्स्पेक्टरसारखी तपासली. "ठीक आहे," म्हणाले. "चोर पकडायला चोर भेटावा लागतो. मला सगळ्या नोकरीत हातावर मोजण्याइतके भेटले. बाकी सगळ्यांनी रस्ताच विचारला."

तेवढ्यात मुलगी फुरंगटून बाहेर आली. "बाबा, मी आणि आई रात्री नऊ वाजता तुमच्या समोर होतो. किती हाका मारल्या! तुम्ही बघितलंसुद्धा नाही. एका काकूंशी बोलत बसलात."

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी पेपर उघडला. पेपर कालचा होता, आणि उलटा होता.

सोमवारी मी मॅनेजरसाहेबांना भेटलो. त्यांना वाटलं, राजीनामा आणला. त्यांचा चेहरा उजळल्यासारखा वाटला, पण तो माझा भास असेल. मी म्हटलं, "साहेब, मला ते दरवाज्याजवळचं चौकशीचं टेबल द्या." आमच्या शाखेत त्या टेबलावर कुणी बसायला तयार नसतं. तिथं काच नाही. येणारा प्रत्येक माणूस विचारतो. साहेबांनी मला दोनदा विचारलं, बरं वाटतंय ना? मग दिलं.

तेव्हा माझा चाळिशीतला करिअर-बदल हा असा. कॅशच्या खिडकीपासून दरवाज्याजवळच्या टेबलापर्यंत. मी पावलांनी मोजला. तेज चालीची आठ पावलं, मध्ये एकदा दाहिने मुड. पगार तोच. रविवारची कवायत चालू आहे, आणि पंक्चरवाल्या नायकसाहेबांची नवी सही मी स्वतः बसून कार्डावर घेतली आहे. तीन नमुने घेतले, तिन्ही वेगळे, तिन्ही त्यांचेच.

नोव्हेंबरात आजी आल्या, हयातीच्या दाखल्याला. दारातच थांबून त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"टोपी नाही ती आज?"

"आज ड्युटी नाही आजी."

"मग," आजी परत वळत म्हणाल्या, "उद्या येऊ का?"

मी ताडकन उभा राहिलो. गुडघे मात्र जरासे वाकवून.